पायावरून मुलूख सांगणारे मामा

पहिल्यांदा मामांच्या दुकानात गेलो तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "जुना जालना. मस्तगड, न्हाईतं मस्तगडाच्या खालची एखादी गल्ली. बसा."

मी बघतच राहिलो. बियाण्याच्या कंपनीत नुकताच लागलो होतो, जाफराबाद तालुका माझ्या वाट्याला आला होता आणि टेंभुर्णीतलं हे कृषी सेवा केंद्र माझ्या यादीत पहिलं होतं. खिशाला कंपनीचा बिल्ला होता, पण त्यावर गावाचं नाव कुठं असणार? मला वाटलं, आधी कोणी फोन करून सांगितलं असेल.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"दारातून आडवे शिरले ना तुम्ही. एवढं मोठं शटर उघडं हाय, बैलगाडी आत येईन, आन तुम्ही खांदा चोरून आले. लहानपणापासून समोरून सायकल आली की भिताडाला चिकटायची सवय. मस्तगडातला माणूस मैदानात सोडला तरी आडवाच चालतो."

घरी येऊन बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मग काय! लग्नात मांडवात सुद्धा तुम्ही तसेच शिरला होता." तेव्हापासून मी दारात जरा थांबतो, छाती पुढे काढतो आणि मग आत जातो. सगळीकडे जमतं, मामांच्या दुकानात मात्र कधी जमलं नाही.

मामा कोणाचे सख्खे मामा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अख्खं टेंभुर्णी त्यांना मामा म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठे म्हातारे सुद्धा. बुटका, गोल माणूस. चष्मा कायम कपाळावर, कारण तो जवळचं वाचायला लागायचा आणि मामांना वाचण्यात काडीचा रस नव्हता. त्यांना रस होता बघण्यात, आणि तेही खाली. सगळ्या दुकानांत काउंटर पुढून फळी ठोकून बंद केलेला असतो. मामांनी सुताराला बोलावून ती फळी काढायला लावली आणि तिथं जमिनीपर्यंत काच बसवून घेतली. लोकांना वाटायचं, औषधाच्या बाटल्या मांडायला असेल. बाटली एक नव्हती तिथं. त्या काचेतून मामा गिऱ्हाइकाचे पाय बघायचे.

"तोंडाचं काय खरं हाय साहेब?" ते म्हणायचे. कंपनीचा माणूस म्हणून मला ते साहेब म्हणायचे, वयानं मी त्यांच्या मुलाएवढा असलो तरी. "तोंड तं माणूस घरून निघतानीच नीट करून आणतो. पायाकडं कोणी ध्यान देत न्हाई. आता वडीगोद्रीकडचा माणूस घ्या. आत यायच्या आधी तो एकदा मागं बघनार, एकदा उजवीकडं बघनार. हायवेवर घर, हायवेवर दुकान, ट्रक येतो का बघायची सवय अंगात भिनली. आन आपला जाफराबादचा सरळ आत येनार आन चप्पल दाराशी काढनार. नका काढू म्हन्लं तरी काढनार."

आणि हा नुसता खेळ नव्हता बरं का. गाव कळलं की मामांना रान कळायचं. नदीकाठचं काळं रान की माथ्यावरचं मुरमाड, विहिरीला पाणी कुठवर टिकतं, हे सगळं गावाच्या नावाबरोबरच त्यांच्या डोक्यात यायचं. एखादा शेजाऱ्याचं ऐकून लांब मुदतीचा कापूस मागायला लागला की मामा त्याच्या हातातलं पाकीट काढून घ्यायचे. "तुमच्या मुरमाडात हे दिवाळीपोतर तग धरायचं न्हाई. हे घिऊन जा." माझ्या कंपनीचं महागडं वाण असं कितीदा परत फळीवर गेलं. मला राग यायचा, पण बोलणार काय? माणूस बरोबर असायचा.

चुकायचे नाहीत असं नाही. एकदा जालन्यात लग्नाला गेले. मंगल कार्यालयात खाली एक लग्न, वर एक लग्न, आणि मामा पत्रिका घरी विसरलेले. कोणाला विचारणं त्यांच्या शानीत बसत नव्हतं. दारात उभं राहून त्यांनी आत जाणाऱ्यांचे पाय बघितले, "हे आपल्याकडचे" म्हणाले आणि त्यांच्या मागोमाग जिना चढले. वर आहेर केला, पंगतीत बसून दोनदा बुंदी घेतली, नवरदेवाच्या चुलत्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि खुशीत घरी आले. खाली त्यांचा साडू त्यांची वाट बघत बसला होता. आठ दिवसांनी उलगडा झाला, पण मामा बिलकुल खजील झाले नाहीत.

"माणसं बराबर आपल्याच भागातली होती," ते म्हणाले. "लगीन चुकलं, एवढंच."

हा किस्सा मला मामींनी सांगितला. मामी म्हणजे मामांच्या दुप्पट हुशार बाई, हे मी आज लेखी द्यायला तयार आहे. दुकानाच्या मागेच घर, मध्ये एक दार, दाराला फुलाफुलांचा पडदा. लेक सासरी, मुलगा पुण्याला नोकरीला. मामी दिवसभर पडद्याच्या आत. पडदा बाजूला सारून चहाचा कप पुढे यायचा आणि त्याच्याबरोबर एखादं वाक्य पण यायचं. "आवं, त्यांना तुडतुड्याचं औषध कामून देऊन राह्यले? पानाची खालची बाजू चमकती म्हन्ले ना ते. मंग फुलकिडे असतीन." मामा खाकरायचे आणि गुपचूप डबा बदलायचे.

मामींची एकच इच्छा होती. दुकानात बसायचं. पडद्याच्या अलीकडे, खुर्चीवर, चार लोकांसमोर. दर दिवाळीला त्या हा विषय काढायच्या आणि दर दिवाळीला मामांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"अगं, औषधाचं काय, ते डब्यावर लिहेल असतं. माणसावर लिहेल न्हाई. गिऱ्हाईक वळखता यावं लागतं. तुला कुठलं जमायचं?"

एकदा माझ्यासमोरच विषय निघाला. मामी म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा. दहावी पास हाय मी. ह्यांना टायफाइड झाल्ता तव्हा चार दिवस मीच दुकान चालवलं, ह्या दारात उभी राहून. एक तरी गिऱ्हाईक वापस गेल्तं का?" मी मामांकडे पाहिलं. मामा माझ्या बुटांकडे बघत होते. मामी हसल्या, पण डोळे भरले होते त्यांचे. मी काहीतरी थातूरमातूर बोलून निघालो, आणि मोटारसायकलवर बसल्यावर मला माझीच लाज वाटली.

तर त्या वर्षी आमच्या कंपनीनं डीलर लोकांना बँकॉकला न्यायचं ठरवलं. आमच्या धंद्यात हे चालतंच. एरवी नुसते पुरुष जातात, त्या वर्षी कोणाच्या मनात आलं काय माहीत, जोडीनं न्यायचं ठरलं. आमच्या जिल्ह्यातली पंधरा जोडपी, आणि त्यांना सांभाळायला मी. पासपोर्ट काढण्यापासून माझा जीव मेटाकुटीला आला होता. मामांचा एकच प्रश्न, "साहेब, तिथं किती देशांचे लोक येत्यात?" मी म्हणालो, सगळ्या जगाचे. मामांनी डोळे मिटून घेतले. लहान पोराला जत्रेला नेतो म्हटल्यावर जसं होतं तसं त्यांचं झालं.

त्यांनी ठरवलं होतं, की आपण सगळ्यांना ओळखायचं आणि आपल्याला मात्र कोणी ओळखायचं नाही. त्यासाठी जालन्याहून खास खरेदी झाली. गुडघ्याच्या खाली येणारी हाफ पँट, नारळाच्या झाडांचा शर्ट, गोल हॅट. विमानतळावर त्यांना बघून बाकीच्या डीलर लोकांनी शिट्ट्या मारल्या. मामा गंभीर होते. "आता सांगा, मी कुठला?" ते म्हणाले. सगळ्यांना हसू आवरत नव्हतं.

बँकॉकला हॉटेलातून बाहेर पाय ठेवला, तर पहिलाच हातगाडीवाला ओरडला, "नमस्ते इंडिया! अंकलजी, आओ आओ!" मामा थबकले. दहा पावलांवर दुसरा, "इंडिया! सस्ता, सस्ता!" तिसरीनं तर सरळ हातच जोडले. मामांचं तोंड उतरलं.

"ह्यांना कसं कळतं?" ते माझ्यावरच डाफरले.

उत्तर मामींनी दिलं. "आवं, हाफ पँटीवर पट्टा, पट्ट्याला मोबाइलचं पाकीट, कॉलरीत हातरुमाल. आन दोन्ही हात मागं बांधून चालून राह्यले तुम्ही, रानात पीक बघाया निघाल्यावानी. न वळखायला ते काय आंधळे हायेत?"

मामांनी हात सोडले. पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. थोडं चाललं की हात आपोआप मागे जायचे, मामी नुसत्या खाकरायच्या आणि मामा पुन्हा हात पुढे आणायचे. असं ते जोडपं आमच्यापुढे चाललं होतं आणि आम्ही मागे पोट धरून हसत होतो.

दोन दिवस मामांनी अभ्यास केला. सकाळी नाश्त्याला सगळ्यात आधी खाली यायचे आणि कोपऱ्यातलं टेबल धरायचे. मामी पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढायच्या, मामा ते खात खात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचे. मग तिथल्या वेटरला बोटांनी खुणा करून विचारायचे, तो कुठला, ती कुठली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याकडे सगळ्या जगाचा हिशेब तयार होता.

"जर्मन माणूस," ते मला समजावून सांगायला लागले, "चपलीत मोजे घालतो आन पाटी दिसली की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपोतर वाचतो. मंगच पुढं सरकतो. इंग्रज उन्हानं लाल टमाटा झाला तरी उन्हातच बसतो, सावलीत बोलावलं तं त्याला अपमान वाटतो. अमेरिकावाला लिफ्टमधी अनोळखी माणसाशी बोलतो. रशियाचा माणूस फोटोत हासत न्हाई, बाजूला त्याची बायको लगनाला निघाल्यावानी नटेल असती. आन जपानी माणूस आपल्याला धक्का लागला तरी स्वतःच माफी मागतो."

"आन आपण?" मामींनी विचारलं.

"आपण काय?"

"आपण कशावरून वळखू येतो?"

मामांनी विचार केला. "आपल्याला कशाला वळखायचं? आपण तं आपण हावोत."

तिसऱ्या दिवशी बसमध्ये मामांनी हे सगळं माइकवरून सांगितलं. आमची गाइड तिथलीच एक पोरगी होती, हिंदी फर्डी बोलायची, "चलो चलो, जल्दी" तर आमच्याहून स्वच्छ. ती ऐकत होती आणि हसून हसून बेजार झाली होती. मामा रंगात आले. म्हणाले, जगातला कोणताही माणूस समोर आणा, देश सांगतो. मागच्या सीटवरून मामींचा आवाज आला.

"मी बी सांगते."

मामा वळले. "तू?"

"दोन दिवस मी बी त्याच टेबलावर बसले ना. लावा डाव. पाच जण. ही पोरगी जाऊन विचारून येईन. ज्याचे जास्ती बरोबर, तो जिंकला."

"आन तू जिंकली तं?"

"तं मी दुकानात बसनार. रोज. तुमच्या खुर्चीवर."

बसमधल्या साऱ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी सोडवणूक करणार. मागच्या वेळची लाज मी विसरलो नव्हतो. मी म्हणालो, "मामा, माणूस ओळखता येणं हीच अट होती ना तुमची? मग लावा की डाव. कंपनी साक्षीला." मामांनी हॅट काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "मंजूर."

दुपारी आम्ही एका मोठ्या बुद्धमंदिरात गेलो. आमच्यातलं एक बौद्ध जोडपं घरून निघाल्यापासून या मंदिरासाठीच थांबलं होतं. दोघं आत जाऊन डोळे मिटून बसले. घाई करू नका, हवं तेवढं बसा, असं सगळ्यांनीच त्यांना सांगितलं. बाकीचे आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो आणि पायऱ्यांवर सावलीला बसलो. समोर बूट-चपला ठेवायच्या लाकडी फळ्या, आणि अंगणात साऱ्या जगाची माणसं. डाव मांडायला याहून चांगली जागा सापडली नसती.

पहिला आला एक उंच म्हातारा. दारावरच्या पाटीसमोर उभा राहिला आणि बोट फिरवत वाचायला लागला. दोघंही एकदम म्हणाले, "जर्मन." गाइड विचारून आली, जर्मनच. दोघांचा एक-एक.

दुसरं जोडपं. बाई नखशिखांत सजलेली, बाप्या चड्डीवर, दोघं फोटोला उभे. मामा म्हणाले रशिया. मामी म्हणाल्या इटली, कारण ती बाई हातवारे करून बोलत होती. निघाली रशियाची. मामांनी मांडीवर थाप मारली. "सांगितलं न्हाई का, फोटोत बी बघा, सासरा वारल्यावानी तोंड!"

तिसऱ्या दोन म्हाताऱ्या बायका आल्या. मामांनी पाय बघितले आणि बेधडक सांगितलं, "चीन." मामींनी डोक्याकडे बघितलं. "कोरिया," त्या म्हणाल्या. "नाश्त्याला होत्या ना तशा चार जणी. टोपीला नुसती कड, वरून उघडी. केस कुरळे करून फुगवेल हायेत, ते दबायला नकोत म्हणून. ऊन लागलं तरी चालन, पन केस दबायला नको." कोरियाच निघाल्या. आमच्या बायकांनी असा गलका केला, की अंगणातली कबुतरं उडाली. दोन-दोन.

चौथी एक तरुण आई, कडेवर पोरगं. मामा तिच्या पांढऱ्या बुटांवर भाळले, "अमेरिका, डोळे झाकून सांगतो." मामी जरा थांबल्या. पोरानं बिस्किटाचा कागद खाली टाकला, आईनं तो उचलला, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. "जपान," मामी म्हणाल्या. "अमेरिकेत जन्मली असली तरी आई जपानी असन तिची." गाइड हसत परत आली. जपान, टोकियो. मामी एकानं पुढे गेल्या. मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांवर पाहिला.

"शेवटचा डाव दोन गुणांचा," मामा म्हणाले. "मी सांगनार बराबर आन तू सांगनार चूक, तं मी जिंकलो. कबूल?"

"कबूल," मामी म्हणाल्या. शेजारी बसलेल्या बायकांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. मी कंपनीचा माणूस, मी कोणाची बाजू घ्यायला नको होती. पण मनातल्या मनात मी देवाला सांगत होतो, की बाबा, एवढं एक कर.

तेवढ्यात पलीकडच्या फाटकातून एक मोठा घोळका आला. वीस-पंचवीस जण, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच पिवळ्या टोप्या, पायात सारखेच पांढरेशुभ्र नवे बूट, पुढे एक जण झेंडी उंच धरून. आम्हाला पाठमोरेच दिसले. भराभर बूट काढले आणि रांगेनं आत गेले.

"चीन!" मामा उठून उभेच राहिले. "बंद करा डाव. टोपी सारखी, बूट सारखा, झेंडीमागं रांगेत. चीनच! न्हाई निघाला तं मी मिशी उतरवीन."

गाइडही म्हणाली, "मामीजी, चाइना का ग्रुप ऐसाही आता है." आत गेलेल्या लोकांकडे मामींनी बघितलंही नाही. त्या उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि बूट ठेवायच्या फळ्यांपाशी गेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, मध्येच वाकल्या, एका बुटात डोकावल्या. परत येताना पदर तोंडावर धरून हसत होत्या.

"आपले हायेत," त्या म्हणाल्या.

"आपले म्हंजे?"

"आपले म्हंजे आपले. मराठी."

सगळे हसायला लागले. मामा तर इतके हसले, की खाली बसले. "अगं, चिनी माणूस मराठी?"

"तुम्ही पाय बघता, मी बूट बघितले," मामी म्हणाल्या. "एक बूट ह्या फळीवर, दुसरा त्या टोकाला. एक बी जोडी एका जागी न्हाई. जोडी चोरीला जाऊ नये म्हणून एक हितं आन एक तिथं ठेवनारा माणूस, सांगा बरं, कोणत्या देशात हाय? आन एका बुटात चुन्याची डबी हाय."

मामांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तोवर पहिला पिवळ्या टोपीवाला बाहेर आला, फळ्यांपाशी वाकला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि साऱ्या बँकॉकला ऐकू जाईल असा ओरडला:

"आरं, माझा डावा कुठं गेला?"

पुढे जे झालं ते सांगता येत नाही, बघायलाच हवं होतं. अंबड तालुक्यातले, वडीगोद्रीच्या आसपासचे डीलर होते ते, दुसऱ्या कंपनीचे. त्या कंपनीनं सगळ्यांना एकाच छापाचे बूट दिलेले, आणि प्रत्येकानं शहाणपणा करून जोडी फोडून ठेवलेली. आता शोधाशोधीत पन्नासेक पांढरे बूट एका ढिगात आणि कोणाचा कोणता, काही पत्ता नाही. "हा माझा न्हाई, हा सहा नंबर हाय!" "आवं, तुम्ही दोन उजवे घातले!" "बापू, तुझा पाय तं मावना ह्याच्यात!" गाइड पोरगी पायरीवर बसून डोळे पुसत होती. आमच्या बायकांनी मामींना अक्षरशः उचलून घेतलं.

मामांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "डाव देशाचा होता," ते पुटपुटले. "हे तं तालुक्याचं झालं."

"मामाजी," गाइड म्हणाली, "मामीजी ने देश भी बताया, भाषा भी बताई. आप हार गए."

मामांनी हॅट माझ्या हातात दिली, त्या ढिगापाशी गेले आणि फतकल मारून बसले. "गप बसा रे सगळे. ओळीनं उभे ऱ्हा. मोजे काढा," त्यांनी हुकूम सोडला. वडीगोद्रीचे ते पंचवीस बाप्ये मुकाट ओळीत उभे राहिले. मामा एकेकाचा पाय बघायचे, ढिगातला एक बूट उचलायचे, आत बोटं घालून बघायचे. "तू टाच घासत चालतो, हा तुझा. तुझा पंजा रुंद, करंगळीपाशी चामडं ताणेल हाय, हा घे. तू आधी मागं वळून बघ, मंग सांगतो." तो बिचारा खरंच मागे वळून बघत होता. मामी बाजूला बसून एकेक बूट त्यांच्या हातात देत होत्या. अर्ध्या तासात सगळ्या जोड्या लागल्या, एकसुद्धा चुकली नाही. आजूबाजूचे जर्मन आणि जपानी हे सगळं मोबाइलवर टिपत होते. मला तर त्या दोघांचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

शेवटचा बूट देताना मामांनी मान वर केली नाही. त्याच सुरात, बुटाकडे बघतच मामींना म्हणाले, "सोमवारी दुकान नऊला उघडतं. टायमावर येत जा." मामींनी पदरानं डोळे पुसले आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांच्या कॉलरीतला हातरुमाल नीट बसवला.

पेरणीच्या तोंडावर मी टेंभुर्णीला गेलो. खुर्चीवर मामी बसल्या होत्या. मामा दाराशी बियाण्याच्या पोत्यावर. आणि दुकान बायकांनी भरलेलं होतं. मी त्या दुकानात इतकी वर्षं जात होतो, पण बाईमाणूस तिथं गिऱ्हाईक म्हणून क्वचितच पाहिलेलं. आता एक जण वांग्यावरच्या अळीचं विचारत होती, दुसरी मिरचीचं रोप कशानं मरतंय ते दाखवायला पदरात बांधून आणून बसली होती, आणि मामी सगळ्यांशी अशा बोलत होत्या, जणू ती खुर्ची जन्मापासून त्यांचीच होती.

मामांची खोड काही गेली नव्हती. मला पोत्यावर जागा करून देत ते कानाशी बोलायला लागले. "बघा साहेब, आता ती आली ना हिरव्या लुगड्याची. भोकरदनच्या वरची, डोंगराकडची. चवडा आधी टेकवती, मंग टाच. चढावर राहिल्यावर तसं होतं." आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा जरा मोठाच निघाला. मामींनी मान वर केली. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"आवं," त्या म्हणाल्या, "आपल्या मागल्या भिताडाला लागून घर हाय तिचं. बावीस वर्षं झाले लगीन होऊन गावात येऊन. नवरा येतो दरसाल बी न्यायला, त्याला वळखता तुम्ही."

ती बाई खाली मान घालून हसली. मामा तिच्याकडे बघत राहिले. या वेळी पायाकडे नाही, तोंडाकडे. मग मला म्हणाले, "साहेब, मी म्हनत आलो, सगळा तालुका वळखतो मी. निम्मा तालुका तं ह्या दुकानाची पायरीच चढला नव्हता."

ते उठले. हातरुमालानं पोतं झटकलं आणि त्या बाईला म्हणाले, "बसा वहिनी." ती लाजत बसली. मामा उभे राहिले.